पहिली ओटी

मुकुटबनच्या रामरावाचा दोनच कागदांवर विश्वास होता: एक सातबारा आणि दुसरा लॅबचा रिपोर्ट. माती तपासल्याशिवाय तो शेतात खताचा दाणा टाकत नसे. त्यामुळे त्याच्या एकोणीस वर्षांच्या अमरनं आईबापाला समोर बसवून सांगितलं, की मी मुलगी आहे, कळायला लागल्यापासून आहे, मला सुरभी म्हणा, तेव्हा या बहाद्दरानं आधी काय केलं असेल, तर पोराचं रक्त तपासायला दिलं. रिपोर्ट नॉर्मल आला. तो त्यानं प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवला आणि कोणी काही बोललं की तीच पिशवी पुढं करी.

हे रक्तात दिसत नसतं, असं नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी त्याला परोपरीनं सांगितलं. वर्षभर बोलून, तपासून त्या आता सुरभीला हार्मोनची औषधं द्यायला तयार होत्या. ती सज्ञान होती, बापाच्या सहीची गरज नव्हती. पण पोरगीही त्याचीच, हट्टी. "बाबा सोमवारी संग येतीन अन् हो म्हनतीन, तवाच पहिली गोळी घेईन," ती म्हणाली. "नाई म्हनले तर थांबीन." झालं, सगळं ओझं रामरावाच्या डोक्यावर येऊन बसलं.

त्याची भीती खोटी नव्हती. ते बोंडअळीचं साल. गावातली दोन माणसं कपाशीवर औषध फवारता फवारता कोसळली होती आणि शेजारच्या फकिराला तर आठ दिवस डोळ्यांनी दिसत नव्हतं. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. त्यात डॉक्टरीणबाईंनीच सांगितलेलं, की या औषधानं होणारे काही बदल परत फिरतात, काही नाही. सोमवारी पिशवी घेऊन जायचं आणि नाही म्हणून परत यायचं, असं त्यानं ठरवून टाकलं.

त्याआधी शनिवारी सीतादही आलं. पहिल्या वेचणीच्या दिवशी घरच्या बाईनं शेतात पूजा करायची, दहीभात शिंपडायचा आणि पहिली बोंडं स्वतःच्या ओटीत वेचायची. त्याशिवाय बाकीच्या बाया कापसाला हात लावत नाहीत. पण रामरावाची बायको कोकिळा, तिचा उजवा हात प्लास्टरमध्ये. बाया धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, खोळंबल्या.

"सुरभे, तू कर," कोकिळा म्हणाली.

"बाप्यानं कदी सीतादही केलं काय?" रामराव उसळला.

वेचणाऱ्या बायांतली म्हातारी जमनी तंबाखू मळत बसली होती. "मालक, ऊन चढून राह्यलं," ती म्हणाली. "घरच्या कोनीतरी करा लागते."

सुरभीनं कोणाकडं पाहिलं नाही. पूजा केली, दहीभात शिंपडला. मग जुनं लुगडं कमरेला गुंडाळून ओटी बांधली, डाव्या अंगाला, दोनदा पीळ देऊन, टोक आत खोचून. रामराव जागीच थांबला. अशी ओटी त्याची आई बांधायची. गावात दुसरं कोणी बांधत नसे, आणि आईला जाऊन बारा वर्षं झाली होती.

सुरभी ओळीला लागली. दोन्ही हात एकदम चालत होते. बोटं लागायची आणि कापूस अलगद निघून यायचा, झाड हलायचंसुद्धा नाही. अळीनं किडलेलं बोंड ती नुसत्या नजरेनं ओळखून सोडून देई. बाया माना वळवून बघू लागल्या.

"कवा शिकली वं हे?" जमनीनं हळूच विचारलं.

आपल्या घरात, आपल्या नाकासमोर हे एवढं वाढलं आणि आपल्याला पत्ता नाही, याचं रामरावाला अपार नवल वाटलं. असं नवल त्याला उभ्या आयुष्यात वाटलं नव्हतं.

ओळ संपवून सुरभी आली आणि पहिल्या वेचणीचा मूठभर कापूस तिनं बापाच्या हातात ठेवला. पांढराशुभ्र, वाळक्या पत्तीचा कण नाही. तो तळहातावर आला मात्र, आणि रामरावाला काहीतरी आठवलं. मूठ मिटून तो घराकडं चालू लागला.

सोमवारी नागपूरला डॉक्टरीणबाईंनी त्याला विचारलं, "तुम्हाला हे पहिल्यांदा कधी जाणवलं?"

रामरावाच्या मांडीवर पिशवी होती. आता काढतो रिपोर्ट, असं कोकिळाला वाटलं.

"सहा वर्साची होती," तो म्हणाला. "आजीमांगं ओटी बांधून वेचून राह्यलती. मी गेलो अन् बायांसमोर थापड मारली. रडली नाई. कापूस माह्या हातात देल्ला, म्हने, बाबा, पाहा, एकबी पत्ती नाई." त्यानं मांडीवरची पिशवी सरळ केली. "मी फेकून देल्ला, बाई. मंग तिनं कदी ओटी बांधली नाई. परवा बांधली."

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. वर्षभर लॅबचा रिपोर्ट पुढं केला आणि साक्षीदार स्वतःच होता.

"मग, औषध सुरू करायचं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"हो. पन रक्त कवा कवा तपासाचं ते लिहून द्या." रामराव तो रामरावच.

"लिहून देते. तुमचा जुना रिपोर्टही द्या. पुढं ताडून पाहायला कामी येईल."

रामरावानं पिशवी उलगडून रिपोर्ट बाहेर काढला. त्याच्या घडीत शनिवारचा कापूस नीट ठेवलेला होता. सहाव्या वर्षी न रडलेली सुरभी तो बघून तिथंच, डॉक्टरीणबाईंसमोर, रडायला लागली.