सर्वानुमते

“मावशी, हात कशाला वर केलात? घरी जायचंय का?” गावसभेच्या अध्यक्षांनी विचारलं आणि सभागृहात हशा पिकला.

सभागृह झाडणाऱ्या मावशी दाराशी उभ्या होत्या. त्यांचा हात काही खाली आला नाही. “विरोध असेल त्यांनी हात वर करा, म्हणालात ना? मग केला. आमच्या गल्लीतला नळ काढू नका. तुम्हाला गाड्या लावायला जागा पाहिजे, आम्हाला प्यायला पाणी.”

कारकुनाने समोरच्या वहीकडे पाहिलं. सभेचं इतिवृत्त तो आदल्या दिवशीच लिहून ठेवी. बावीस वर्षं प्रत्येक ठरावाखाली एकच शब्द: ‘सर्वानुमते’. हात कधी कुणी मोजलेच नव्हते, मग लिहिणाऱ्याचं काय जातंय?

“यांना कुठलं मत?” पुढच्या रांगेतून कुणीतरी कुजबुजलं.

“खालच्या गल्लीत राहतात. मत आहे त्यांना,” कारकून बोलून गेला.

“असेल हो,” अध्यक्ष म्हणाले. “एका हाताने काय होतंय? लिहा, सर्वानुमते.”

“ठराव मंजूरच आहे, साहेब. पण सर्वानुमते नाही.”

अध्यक्ष खाऊ की गिळू अशा नजरेने बघत राहिले. कारकुनाने मान खाली घातली, तो शब्द खोडला आणि बावीस वर्षांत पहिल्यांदाच हात मोजले.

सभा उठली. मावशी हात पुसत टेबलापाशी आल्या. “काय लिहिलंत, वाचा बघू.”

“बाजूने एकेचाळीस. विरोधात एक: ‘मावशी’.”

“मावशी? ती तुमची. वहीत कोण ओळखणार? जगात मावश्या काय कमी आहेत?”

कारकून ओशाळला. अकरा वर्षं यांच्या हातचा चहा प्यायला, पण नाव विचारायची बुद्धी झाली नाही. त्याची त्यालाच लाज वाटली. मावशींनी वडिलांच्या नावासकट, एकेक अक्षर सुटं करून नाव सांगितलं. त्याने लिहिलं.

“आता वाचा. जरा मोठ्याने.”

त्याने वाचलं. दारात रेंगाळलेल्या दोघाचौघांनी मागे वळून पाहिलं.

सोमवारी नळ निघाला. मंगळवारी मावशी लांबून पाणी भरून कामावर आल्या, त्या अर्ध्या तासाने उशिरा. कारकुनाने त्यांना नावाने, पुढे ‘ताई’ लावून, हाक मारली. त्या झाडतच राहिल्या. इथे आपल्याला त्या नावाने कुणी हाक मारील, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही.

त्याने पुन्हा हाक मारली.