न पुसलेली तबकडी

मावशींच्या हातांना स्वस्थता ठाऊक नव्हती. घरी सून म्हणायची, "आई, ओटा पुसून पुसून एवढा पातळ झालाय की खालच्या मजल्यावरचे दिसतील आता." त्यावर मावशी म्हणायच्या, "दिसू देत. त्यांचाही पुसून येईन." झीज तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची बावीस वर्षं गेली होती आणि तिथेही तीच तऱ्हा. मावशींच्या यंत्रावर धूळ दाखवा आणि चहा मिळवा, अशी पैज होती. तो चहा अजून कुणाच्या नशिबी आला नव्हता.

काम सांगायला सोपं. धातूची बशीएवढी तबकडी, तिच्यावर कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ लेप. तबकडी खालून तापवायची, वर वजन लावलेली बोथट खिळी टेकवायची आणि यंत्र फिरवायचं. किती फेऱ्यांनी लेप फाटतो ते बघायचं. हा लेप भट्टीच्या झडपांसाठी होता. तिथे तेल घातलं तर जळून जातं, आणि मग कोरडा धातू धातूला खातो. लेप बनवला होता तो मॅडमनी. मॅडम म्हणजे मावशींच्या लेकीच्या वयाची संशोधक पोर, पण हुशार. या एका लेपापायी तिनं तीन वर्षं घातली होती.

आणि लेप काही टिकत नव्हता. आतापर्यंत चालवलेल्या सोळा तबकड्यांपैकी पंधरा चाळीस हजार फेऱ्यांच्या आसपास गेल्या. आज चार वाजता मोठ्या साहेबांपुढे बैठक होती. त्यात हे काम कायमचं बंद होणार, हे झाडूवाल्यापर्यंत सगळ्यांना माहीत होतं.

सकाळी नऊला मॅडम जुन्या तबकड्या खोक्यात भरत होत्या.

"ही सतरावी एवढी उरली, मावशी. चालवली काय अन् न चालवली काय."

"चालवू या की. आंघोळ घातलेलं पोर शाळेत न पाठवता ठेवायचं का?"

मॅडम हसल्या, पण ते हसू ओठांवरच राहिलं. "मला एकाच गोष्टीचं कोडं आहे. नववी तबकडी का टिकली? आठ लाख फेऱ्या झाल्या तरी लेप जागच्या जागी. शेवटी कंटाळून मीच थांबवली. साहेब मला म्हणतात, तुम्ही चुकून दुसरीच लावली असेल."

"नववी? मला कशी आठवत नाही?"

"तुम्ही सुट्टीवर होतात ना, नातू झाला तेव्हा. मी यंत्र चालू केलं आणि वर जाऊन लिहीत बसले. तीन दिवस तिकडे कुणी फिरकलंसुद्धा नाही."

मॅडम खोकं घेऊन वर गेल्या. मावशी मात्र जागच्या हलल्या नाहीत.

कुणी फिरकलं नाही. म्हणजे कुणी पुसलंही नाही.

खिळी तबकडीवर घासायला लागली की थोड्या वेळानं काळी भुकटी पडते. भुकटी पडली की आवाज खरखरीत होतो. मावशींना तो आवाज ऐकवायचा नाही. मग दर अर्ध्या तासानं त्या यंत्र थांबवायच्या, खिळी उचलायच्या, ब्रशनं आणि हवेच्या नळीनं तबकडी लख्ख करायच्या आणि पुन्हा चालू. यंत्र जुनं होतं, ते वेळ मोजायचं नाही, फक्त फेऱ्या मोजायचं, त्यामुळे मॅडमच्या आलेखात ही थांबाथांब कधी दिसलीच नाही. मावशींनी काही लपवलं नव्हतं. नाक शिंकरलं, हे कुणी नोंदवहीत लिहितं का?

पंधरा तबकड्या त्यांनी पुसल्या होत्या आणि पंधराही गेल्या होत्या. जी एक पुसली नव्हती, ती राहिली होती.

नसेलही तसं, असं त्यांनी मनाला बजावलं. एका काडीवर घर बांधू नये. त्यांनी शेवटची तबकडी लावली, वजन ठेवलं, यंत्र चालू केलं, आणि ब्रश कपाटात टाकून कपाटाला कुलूप घातलं.

पहिला अर्धा तास बरा गेला. मग खरखर सुरू झाली. मावशी उठल्या, खिडकी उघडली, बंद केली. खुर्चीवर बसल्या, उठल्या. पदराला बोटं पुसली, पुन्हा पुसली. दहाच्या सुमाराला खरखरीची करकर झाली. काचेवर पत्रा ओढल्यासारखा आवाज दातांत शिरत होता. पडद्यावरची घर्षणाची रेघ शिडी चढल्यासारखी वर निघाली होती. पुसलेल्या तबकड्या कशा गोड चालायच्या! चाळीस हजारांपर्यंत हूं की चूं नाही, आणि मग एका क्षणात जायच्या. ही तर सुरुवातीपासूनच बोंब मारत होती.

शेजारच्या भांडारातला माणूस दारात आला. "मावशी, कुणाचा गळा दाबताय?"

"तुझा नाही अजून. जा."

"अहो पण पुसा की ते! तुम्हाला बरं नाही का आज?"

"मला काय धाड भरलीय? जा म्हटलं ना."

तो गेला. अकराला सुनेचा फोन आला, बाळाला सर्दी झालीय, काढा कुठला देऊ. मावशींनी दोनदा "हो" म्हटलं आणि दोन्ही वेळा प्रश्न काय होता ते कळलं नाही. "आई, कसला आवाज येतोय?" सुनेनं विचारलं. "माझ्या कर्माचा," म्हणून त्यांनी फोन ठेवला.

साडेअकराला त्यांचा हात आपोआप कपाटाच्या कुलपाकडे गेला. कुणाला कळणार होतं? दोन मिनिटं पुसलं असतं तर आवाज थांबला असता, चारला बैठक झाली असती, काम बंद पडलं असतं आणि मावशींचा स्वच्छ हात स्वच्छच राहिला असता. दोष लेपाचा. त्यांनी किल्ली मुठीत घट्ट धरली. तळव्याला खूण पडेपर्यंत धरली. मग किल्लीसकट जिना चढून वर गेल्या.

मॅडम बैठकीचे कागद लावत होत्या.

"मॅडम, मी पुसत होते."

"काय?"

"तबकड्या. चालू असताना, थांबवून. दर अर्ध्या तासाला. पंधराच्या पंधरा. नववी तेवढी माझ्या हातून सुटली. आज पुसली नाही, तर ती मरायला टेकल्यासारखी ओरडतेय. वाचेल की मरेल मला माहीत नाही. पण तुम्हाला आधी सांगायला हवं होतं."

मॅडमच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. हातातले कागद तसेच टाकून त्या धावतच खाली आल्या, मावशी मागून. करकर जिन्यातच ऐकू येत होती. रेघ पडद्याच्या वरच्या कडेला टेकत आली होती.

"तीन वर्षं, मावशी," मॅडम म्हणाल्या. आवाज चढवला नाही, त्यानंच मावशींना जास्त लागलं.

"शिव्या द्या हो. हे असं नका बोलू."

"मला येत नाहीत चांगल्या."

"मी शिकवते. आधी हे होऊ दे."

दोघी यंत्रापुढे उभ्या राहिल्या. जेवायची आठवण कुणालाच झाली नाही. एक वाजून गेल्यावर करकर अडखळली, पुन्हा चढली, पुन्हा अडखळली, आणि थांबली. मावशींना वाटलं यंत्रच बंद पडलं. पण तबकडी फिरत होती. रेघ घसरत घसरत तळाला आली आणि तिथेच सरळ झाली.

मॅडमनी भिंग लावून पाहिलं. खिळीच्या वाटेवर काळा, काचेसारखा चकचकीत पट्टा बसला होता.

"ही भुकटीच आहे," त्या हळूच म्हणाल्या. "तापून, दाबून तिची साय धरलीय. लेप स्वतःच स्वतःवर कातडी आणत होता, मावशी. आणि आपण दर अर्ध्या तासानं ती सोलत होतो."

'आपण' म्हणाली पोर. मावशींना हुंदका आला, तो त्यांनी खोकल्यात घातला.

चार वाजता तबकडी ऐंशी हजारांवर होती आणि चालूच होती. मोठ्या साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुन्हा घातला.

"पंधरा तबकड्या वाया," ते म्हणाले. "कुणाच्या सांगण्यावरून?"

मॅडम तोंड उघडणार, तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "कुणाच्याच नाही. माझ्या हाताच्या खोडीवरून."

साहेबांनी आलेख स्वतःकडे ओढला. मग म्हणाले, "बंद करायचा कागद राहू द्या. पंधरा तबकड्या नव्यानं लेपून घ्या आणि सगळ्या पहिल्यापासून चालवा. मावशी, या खेपेला हात लावायचा नाही. आवाज कसाही येवो. जमेल ना?"

मॅडम मावशींकडे बघत होत्या. 'हो' म्हणणं किती सोपं होतं.

"नाही जमायचं, साहेब," मावशी म्हणाल्या. "आजचा दिवस कसा काढला माझं मला ठाऊक. यंत्र चालू झालं की खोलीला कुलूप घालत जा. आणि किल्ली मॅडमकडे ठेवा. मी मागितली तरी देऊ नका."