दुसरा सुळा

सांबराहून थोराड असा तो एल्क रोवीनाच्या गोळीनं पडला, तो नेमका त्याच ओंडक्यापासून हाकेच्या अंतरावर. गेल्या वर्षी या ओंडक्याला पाठ टेकून तिचा नवरा ऑरिन बसलेला सापडला होता. टोपीवर बर्फ, मांडीवरच्या बंदुकीवर बर्फ, मिशांवर बर्फ. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. सोबत कुणी असतं तर वाचला असता का, हे त्यांना कुणी विचारलं नाही.

सापडला तो हार्लनला, ऑरिनच्या थोरल्या भावाला. आज तोच तिच्याबरोबर आला होता. एल्कच्या शिंगाला शिकारीच्या परवान्याची पट्टी बांधत होता आणि सकाळपासून धड चार शब्द बोलला नव्हता.

सकाळपासून आणखी एक गोष्ट चालली होती. त्यांच्या मागे कुणीतरी चालत होतं. ती थांबली की थांबायचं, ती निघाली की बर्फ पुन्हा कुरकुरायचा. ऑरिन उजवा पाय जरा ओढून चालायचा; आवाज अगदी तसाच, वर्षभर रात्री घराभोवती तिला ऐकू यायचा तोच. हार्लननंही एकदा मान वळवून मागे पाहिलं होतं, आणि पुन्हा चालू लागला होता.

“सुळे काढून घे,” तो म्हणाला. “जबडा गारठून ताठरला की सुटायचे नाहीत.”

वायोमिंगमधल्या त्यांच्या खोऱ्यात मांस सगळ्या घरादाराचं, शिंगं भिंतीची, आणि वरच्या जबड्यातले ते हस्तिदंतासारखे दोन सुळे शिकारीला गेलेल्या दोघांचे. एक सोबत्याचा, एक गोळी घालणाऱ्याचा, आणि आधी निवडायचा सोबत्यानं. दोन्ही एकट्यानं ठेवले तर पुढच्या खेपेला डोंगरात एकट्यालाच जावं लागतं, असं म्हातारे सांगायचे. ऐकणारे हसायचे, आणि हसत हसत मुकाट्यानं वाटून घ्यायचे.

ऑरिननं ही रीत आयुष्यात एकदाच मोडली. सोबतीला हार्लन असूनही गेल्या हंगामातल्या पहिल्या एल्कचे दोन्ही सुळे त्यानं घरी आणले आणि रोवीनासाठी कानातले करून घेतले. भांडण असं झालंच नाही. इथली माणसं भांडतातसुद्धा न बोलता, आणि ते फार वाईट. हार्लननं पुढच्या खेपेला यायचं टाळलं, एवढंच. ऑरिन एकटा गेला.

कानातल्यांचा हट्ट रोवीनाचा होता, हे हार्लनला ठाऊक नव्हतं. कानातले त्याच्यासमोर तिनं कधी घातले नव्हते. आज लोकरी टोपीखाली घातले होते. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. हार्लनचा वाटा त्याला मिळाल्याशिवाय मागचा चालणारा थांबायचा नाही, असं मात्र तिच्या मनानं घेतलं होतं. आजचे दोन्ही सुळे हार्लनच्या हातावर ठेवायचे, फिटंफाट करायची आणि बोलायचं काहीच नाही, असा बेत करून ती आली होती.

तिनं एल्कचा ओठ वर दुमडला. वरच्या जबड्याला पुढं दात नसतातच, नुसती टणक हिरडी; सुळा बाजूला, जरा मागे. ऑरिनच्या सुरीनं तिनं हिरडी दोन्ही अंगांनी मुळापर्यंत चिरली आणि अंगठ्यानं सुळा हलवत राहिली. सुरीनं उचकटायचं नाही, तडा जातो, हे ऑरिननंच शिकवलं होतं.

“दमानं,” हार्लन म्हणाला. “तो काही आता पळून जात नाही.”

सुळा हातात आला. गरम, गुळगुळीत, टोकाला कॉफीच्या डागासारखा तपकिरी. तिनं एल्कचं डोकं मोठ्या कष्टानं उलटं केलं, दुसरा ओठ दुमडला आणि तिचा हात तिथंच राहिला. हिरडी सपाट होती. खड्डा नाही, जखम नाही, तुटलेलं मूळ नाही. तिनं बोट फिरवलं, हार्लननं हातमोजा काढून फिरवलं. म्हाताऱ्या नरांचे पडतात कधीकधी, झुंजीत, असं तो म्हणाला खरा, पण बोट लगेच मागे घेतलं आणि विजारीला पुसत राहिला.

कुणीतरी आपला वाटा आधीच घेऊन गेलं होतं.

“हे दोन्ही तुला द्यायचे होते मला,” ती म्हणाली.

“दोन्ही? म्हणजे मलाही एकट्यालाच धाडायचं होतं का?”

हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. ती बर्फात बसली. मग तिनं टोपी काढली. हार्लन तिच्या कानांकडे बघत राहिला.

“मी मागितले होते,” ती म्हणाली. “तो नको म्हणत होता. तुझ्या वाट्याचं आहे म्हणत होता. मी ऐकलं नाही.”

हार्लन तिच्यासमोर उकिडवा बसला. “ऑरिन मला म्हणाला, माझंच मन झालं, हार्लन, हावरटपणा केला. माफ कर म्हणाला. मी म्हटलं, जा मग एकटा.”

तिनं डाव्या कानातलं काढून त्याच्या तळहातावर ठेवलं. त्यानं मूठ मिटली आणि तोंड फिरवून उभा राहिला. आजचा सुळा दोघांपैकी कुणीच खिशात घातला नाही. रोवीनानं तो ओंडक्याच्या ढोलीत, ऑरिनची पाठ टेकली होती तिथं, आत सरकवून ठेवला.

मांसाची पहिली खेप पाठीवर घेऊन ते उतरू लागले. पाइनच्या झाडांच्या पट्ट्यात आल्यावर तिला एकदम जाणवलं आणि ती थांबली. पुढे हार्लनही थांबला. मागे काही कुरकुरलं नाही. ती मुद्दाम पाऊल टाकून पुन्हा थांबली. काही नाही.

“थांबला तो,” हार्लन वळून न बघता म्हणाला.

वर्षभर ज्या आवाजापायी तिला झोप नव्हती, तो गेला होता. ती उलटी वळून रिकाम्या वाटेकडे बघत उभी राहिली, आणि ऑरिन गेल्यापासून पहिल्यांदा हमसून हमसून रडली.