कपाच्या तळाची पांढरी पूड

धाकट्या भावाचं पत्र येऊन वर्ष होत आलं, तरी थोरल्यानं उत्तर धाडलं नव्हतं. औषधांच्या दुकानात उभं आयुष्य काढलेला हा माणूस; सगळ्या गोळ्यांची नावं पाठ, पण या पत्रापुढे शब्द सुचत नव्हते. पत्र पुनर्वसन केंद्रातून आलं होतं.

'दादा, गोळ्या आता मी स्वतः घेतो. आवाज येतात अजून, पण लांबून. इथे पुस्तकबांधणीचं काम करतो. डॉक्टर म्हणतात, घरच्यांनी एकदा भेटायला यावं. मी घरी येऊ का? आईला विचार.'

आईला कसं विचारणार? ती पत्र येण्याआधीच गेली होती. "त्याला अंत्यविधीला आणलंत तर चारचौघांत तमाशा होईल," असं नातेवाईक म्हणाले आणि थोरल्यानं मान डोलावली होती; धाकट्याला कळवलंच नव्हतं.

आणखीही एक काटा होता. धाकट्याला स्किझोफ्रेनिया झाल्याचं कळलं, पण तो गोळ्यांना हात लावेना. मग थोरल्यानं त्या गोळ्या दुकानातल्या खलात कुटून चहात मिसळल्या. "वस्त्रगाळ पूड! पत्तासुद्धा लागायचा नाही," असं बायकोला कौतुकानं सांगितलं. एका सकाळी कपाच्या तळाशी पांढरा थर राहिला. धाकटा कप घेऊन समोर उभा राहिला.

"घरचे माझ्या खाण्यात काहीतरी घालतात, असं आवाज सांगायचे. तू म्हणायचास, भास आहे. हो ना, दादा?"

त्यानंतर त्या घरात तो पाणीसुद्धा प्यायला नाही.

एका दुपारी शिवणकामाच्या जुन्या शिक्षिका दुकानात आल्या. मुलासाठी त्या धाकट्याच्याच आजारावरची औषधं नेत. थोरला सवयीनं पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळू लागला.

"अहो, चोरीचा माल आहे का?"

"नाही बाई, कुणी नाव वाचलं तर..."

"वाचू द्या की! मधुमेहाच्या गोळ्या गुंडाळता का अशा?"

दुकानात दुसरं कुणी नव्हतं. थोरल्याच्या तोंडून सगळंच बाहेर पडलं. बाईंनी पिशवी खाली ठेवली.

"आम्हीही हेच केलं होतं हो. औषध पोटात गेलं, विश्वास मात्र उडाला. मग डॉक्टरांसमोर मुलालाच विचारलं. गोळीनं त्याचे हात थरथरायचे, आणि आम्ही कधी विचारलंच नव्हतं! डॉक्टरांनी औषध बदललं. समुपदेशन सुरू झालं. रविवारी आम्ही अशा घरांतली माणसं एकत्र बसतो. रडतो, थट्टाही करतो. पूर्ण बरा झाला असं नाही म्हणत मी. पण कामावर जातो."

"आई गेल्याचं कसं सांगू? कोसळला तर?"

"कोसळेल. तुम्ही नाही कोसळलात? केंद्रात आधी फोन करा, त्याच्याजवळ कुणी बसेल असं बघा. पण आईसाठी रडायचा त्याचा हक्क तरी ठेवा!"

हक्क! थोरल्याचे डोळे भरले. आजाराची काळजी वाहताना आजारी माणसाला एक शब्दही विचारायचं राहून गेलं होतं.

वाचकहो, या आजारावर औषध आहे, उपचार आहेत, आधार देणारी माणसंही आहेत. पण हे सारं रुग्णाच्या पाठीमागून नव्हे, त्याला सोबत घेऊन करायचं असतं.

थोरल्यानं केंद्रात फोन केला. मग गल्ल्याशेजारीच बसून लिहिलं: 'आई गेली. तुला कळवलं नाही, हा माझा अपराध. मी भेटायला येतोय. डॉक्टरांशी बोलू, मग तू ठरव. घर तुझंच आहे. तिथे तुझा चहा तूच कर. जमलं तर मलाही दे.'

पुन्हा वाचलं तर धीर होणार नाही, म्हणून त्यानं पाकीट तसंच चिकटवलं आणि कोपऱ्यावरच्या पेटीत टाकलं.