धूर न दिलेली पेटी

मित्रांनो, मी मधमाशांना धूर देण्याचा एक जुना डबा आहे. पत्र्याचे अंग, वर चोचीसारखे तोंड आणि पाठीला चामड्याचा भाता. पत्रेवाल्याने मला ठोकून घडवले आणि एका मधपाळाच्या हाती दिले.

माझ्या पोटात गोणपाटाच्या चिंध्या पेटवतात आणि भाता दाबतात. एक माशी डंख मारते तेव्हा त्या जागी एक वास राहतो. त्या वासाने बाकीच्या माशाही तिथेच धावून येतात. माझा धूर तो वास झाकतो. माझे काम एवढेच.

सुरुवातीची वर्षे माझे फार कौतुक झाले. मग मालकांचा हात तयार झाला आणि मी ओसरीतल्या खुंटीवर गेलो. माझ्या तोंडात कोळ्याने घर केले.

त्या घरात डंखाचे कोणाला काहीच वाटत नसे. जो ओरडेल त्याची टिंगल व्हायची. सून नवी आली तेव्हा पहिल्याच डंखाने तिचा हात कोपरापर्यंत सुजला. मालक म्हणाले, "मधपाळाच्या घरची झालीस आता!" पुढच्या डंखाला तिच्या अंगभर गांधी उठल्या. ती म्हणाली, "मामंजी, मला गरगरतंय." तिचा नवरा हसत म्हणाला, "एवढीशी माशी आणि केवढं नाटक!" त्यानंतर ती गप्प राहू लागली.

एका सकाळी मालकांनी कुंपणाजवळची मधमाशांची पेटी उघडायला घेतली. सासूबाई म्हणाल्या, "अहो, धूर तरी द्या."

"एका पेटीला कशाला? चिंध्या पेटेपर्यंत माझं काम उरकेल."

पेटी उघडताच माशा उठल्या. सून दोरीवर कपडे वाळत घालत होती. एक माशी तिच्या मानेला डसली. मालकांनी येऊन नखाने काटा खरवडून काढला आणि म्हणाले, "कांदा चोळ, जाईल."

सून दोरीला धरून उभी राहिली. तिचे ओठ सुजत होते आणि श्वासाला शिटीसारखा आवाज येत होता. नवरा हसायला लागला, तशा सासूबाई कडाडल्या, "दात काय काढतोस? तिला श्वास घेता येत नाहीये! गाडी काढ आधी!"

दवाखान्यात तिला इंजेक्शन दिले आणि ती वाचली. डॉक्टरांनी बजावले, की हिला एक डंखसुद्धा जिवावर बेतू शकतो, आणखी उशीर झाला असता तर कठीण होते. घरात ठेवायला एक इंजेक्शनही त्यांनी सोबत दिले.

घरी आल्यावर मालक तिच्यासमोर मान खाली घालून बसले. "पेट्या विकून टाकतो," ते म्हणाले.

"विकू नका, मामंजी. लांब न्या. आणि मी काही होतंय म्हटलं, की ते खरं माना."

पेट्या ओढ्यापलीकडे गेल्या. मालकांनी मला खुंटीवरून काढले, कोळ्याचे घर पुसले आणि भात्याला तेल लावले. आता मला पेटवल्याशिवाय ते एकही पेटी उघडत नाहीत.

मित्रांनो, माशांजवळ राहायचे तर सावकाश चाला, त्यांच्या येण्याजाण्याच्या वाटेत उभे राहू नका. माझ्यासारख्या डब्याला गंजू देऊ नका. आणि डंख झालेले माणूस म्हणाले, की श्वास लागतोय, तर तुम्हाला स्वतःला कितीही डंख पचलेले असोत, त्याला आधी दवाखान्यात पोचवा.