जांभळ्या दरवाजाची गाडी

“हात मागे, डोकं खाली, पाय जोडले की झालं बॉनेट. बघ, ताई!”

खट्, खट्, खट्. भावाच्या हातातला वीतभर रोबो रेसची गाडी होऊन टेबलावर उभा राहिला. पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला माणूस, पण चेहरा असा फुललेला की गाडी आजच हातात पडली असावी.

ताई “वा!” म्हणाली. सकाळपासूनचं हे तिचं बारावं “वा” होतं. काचेच्या कपाटात हीच गाडी एकतीस वेळा उभी होती. एक रबरी टायरांची, एक प्लॅस्टिकच्या टायरांची. एकीच्या बॉनेटवरचा आठाचा आकडा पांढरा, तर तिच्या शेजारणीचा म्हणे दुधी. ताईचं सगळं आयुष्य शिवणाच्या मशीनवर गेलेलं, पांढऱ्या दोऱ्याच्या सात छटा तिला तोंडपाठ. तरी तिला यात काडीचा फरक दिसेना.

खरं तर तिचं लक्षच नव्हतं. मधल्या फळीवर, वेगळ्या दिव्याखाली, सगळ्यात जुनी गाडी होती. अंगभर लाल, फक्त उजवा दरवाजा जांभळा. खाली सुबक अक्षरांत चिठ्ठी: ‘जांभळा दरवाजा. दुसरी कुठेही आढळलेली नाही.’

आढळणार कशी, कपाळ! तो दरवाजा ताईने शांपूच्या बाटलीतून कापला होता.

तेव्हा ती सातवीत होती, तो तिसरीत. मामाने त्याच्यासाठी पाठवलेलं पार्सल तो शाळेत असताना आलं आणि तापाचं निमित्त करून घरी राहिलेल्या ताईला काही राहवेना. रोबो उभा करायला गेली आणि दरवाजा कट्कन हातात आला. भावाची शाळा सुटायला दोन तास होते. कात्री, तापवलेली सुई आणि रिकामी बाटली घेऊन ती बसली. दरवाजा झकास बसला, रंग तेवढा जुळेना. मग भाऊ घरी आल्यावर तिने ठोकून दिलं, “काही गाड्या अशाच येतात, एक दरवाजा वेगळ्या रंगाचा. मामाने मुद्दाम शोधून पाठवलीय.”

पोरगा हरखून गेला. कुणाच्या गाडीत काय वेगळं आहे ते शोधत गल्लीभर फिरला, आणि मग त्याचं ते फिरणं कधी थांबलंच नाही. त्या गाडीजवळ कुणी नुसतं गेलं तरी त्याची एकच आरोळी असायची, “हात लावशील तर बघ!”

म्हणजे एका थापेवर एकतीस गाड्या उभ्या होत्या. आणि आज अकराला यादीवाले येणार होते. या गाडीच्या जेवढ्या म्हणून आवृत्त्या निघाल्या, त्यांची यादी हे गृहस्थ ठेवत. त्यांच्या भिंगाखालून गेलं ते खरं, बाकी सगळं खोटं, असं हौशी मंडळी मानत. चार लोकांत भावाचं हसं होणार, तेही आपल्यामुळे, या विचाराने ताई आठवडाभर धड झोपली नव्हती. मोडका लाल दरवाजा तिने इतकी वर्षं बटणांच्या डबीत जपला होता. आज ती डबी पर्समध्ये होती. सांगायचं ठरवूनच ती आली होती, पण जीभ उचलत नव्हती.

“अरे, ऐक ना. ती जांभळ्या दरवाजाची...”

“तिच्यासाठीच तर बोलावलंय त्यांना!”

आणि बेल वाजली.

यादीवाले किडकिडीत आणि अबोल निघाले. पाणीसुद्धा न घेता कपाटापाशी गेले. तीस गाड्यांवरून मान डोलवत डोलवत भिंग फिरलं आणि जांभळ्या दरवाजावर येऊन थांबलं. चांगली दोन मिनिटं थांबलं.

“ही कड...” ते म्हणाले.

“मी कापलीय!” ताईच्या तोंडून निघून गेलं. “शांपूची बाटली होती. गाडी माझ्या हातून मोडली आणि मी त्याला थाप मारली. त्याला यातलं काही माहीत नाही हो. त्याला नावं ठेवू नका.”

भाऊ शर्टाच्या टोकाने चष्मा पुसत होता.

“माहितीये मला,” तो म्हणाला.

“काय माहितीये?”

“ताई, मी कवळ्या बनवतो. दिवसभर लोकांचे दात घासून-कापून बसवतो. हाताने कापलेली कड मला ओळखू येणार नाही? कामाला लागलो त्याच वर्षी कळलं.”

“मग बोलला नाहीस ते!”

“इतकी छान थाप होती, मोडवेना.”

ताईला रडू आलं आणि त्याहून जास्त राग आला. “आणि मी मेली इकडे वर्षानुवर्षं जीव जाळतेय! मग यांना कशाला बोलावलंस?”

“यादीत घालायला. कारखान्याने काढलेल्या सगळ्या आहेत त्यांच्याकडे. हीच तेवढी नाही.”

यादीवाल्यांनी भिंग खिशात ठेवलं. भावाकडे पाहिलं, ताईकडे पाहिलं. मग वही काढून शेवटचं पान उघडलं आणि पेन्सिलीला टोक आहे ना ते पाहिलं.

“किती नग काढले होते?” त्यांनी ताईला विचारलं. चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही.

“एकच.”

“कुठे?”

“स्वयंपाकघरात.”

ते लिहू लागले, तसा ताईचा जीव भांड्यात पडला. तिने पर्समधून डबी काढली, बटणं चाळली आणि लाल दरवाजा वर काढला.

“हा घे मूळचा. आता चांगला गोंद मिळतो. दोन मिनिटांत चिकटवून देते,” असं म्हणत तिने मधल्या फळीकडे हात नेला.

“हात लावशील तर बघ!” भाऊ ओरडला.

यादीवाल्यांची पेन्सिल थबकली. ताईने हात मागे घेतला, लाल दरवाजा पुन्हा बटणांत टाकला आणि डबीचं झाकण घट्ट लावलं.