आभार मानायचे नसतात

रेसी माझ्या घरी लपून चार महिने झाले होते आणि चारही महिने मी तिच्याशी रोज भांडत होते. बाईला गप्प म्हणून बसता यायचं नाही हो! हॅम्बुर्गच्या कॅबरेत ती बारा वर्षं गाजली. नकला, गाणी, टोमणे. लोक पोट धरून हसायचे. मी तिथे पडद्यामागे तिचे कपडे सांभाळायची. नाझी आले, आणि ज्यू म्हणून आधी तिचं स्टेज गेलं, मग घर, मग नवरा. उन्हाळ्यात हॅम्बुर्गवर बॉम्ब पडून कचेऱ्यांतली सगळी दप्तरं जळाली, तेव्हा मी तिला श्वेरीनला माझ्याकडे आणली. शेजाऱ्यांना सांगितलं, "माझी मावसबहीण आना. कागदपत्रं जळाली बिचारीची." लोक हळहळले. रेशनकार्डसुद्धा मिळालं.

"आनाने जन्मात नाटक बघितलेलं नाही, कळलं?" मी बजावलं होतं. "आना बटाटे सोलते आणि काजं करते."

"आना कंटाळ्याने मरणार, ट्रुडे."

"मर, पण गप्प मर."

डिसेंबरात वरच्या मजल्यावरच्या पाल्केबाईंची गिझेला मी शिवलेला झगा घालून बघायला आली. तिचा बाप गल्लीतला नाझी पक्षाचा माणूस, कोणाकडे कोण येतं-जातं यावर डोळा ठेवणारा. पोर मात्र गोड. रविवारी जखमी सैनिकांसमोर गाणार होती. "ऐकता का काकू?" म्हणत तिने तिथेच सूर लावला. अगंबाई, काय तो बेसूर! रेसी मान खाली घालून झालर टाचत राहिली. मला वाटलं, निभावलं.

आणि घोळ घातला तो मी. मी, तिला शहाणपणा शिकवणारी! पोर दाराशी गेली तशी मी तिच्या डाव्या खांद्यावरून तीनदा थुंकल्यासारखं केलं, "तोय, तोय, तोय!" स्टेजवर जाणाऱ्याला दृष्ट लागू नये म्हणून करतात तसं. बारा वर्षं रेसीला रोज केलेलं, तोंडाला सवय.

"आभारी आहे, काकू," पोर म्हणाली.

"अगं गप!" रेसी केवढ्याने ओरडली. "आभार मानतात का कधी? सगळा खेळ बुडवशील! जा, बाहेर जा, तीनदा दार वाजव आणि परत आत ये!"

आभार मानले की शकुन उलटतो, हा नाटकवाल्यांचा समज. बटाटे सोलणाऱ्या आनाला तो कुठून कळणार? गिझेला खिदळत बाहेर गेली, टकटक करून आत आली. "आनाकाकू, तुम्हाला हो कसं माहीत?"

"ऐकलं होतं कुठेतरी," रेसी म्हणाली.

पोर गेल्यावर मी म्हटलं, "पळ."

"कुठे?" ती म्हणाली.

पोरीच्या मनात पाप नव्हतं. रविवारी टाळ्या मिळाल्या, म्हणून घरी कौतुकाने आनाकाकूंचा शकुन सांगितला. बापाने कान टवकारले. बुधवारी सकाळी दोन पोलीस आले. एकाच्या हातात रेसीचा कॅबरेतला जुना फोटो होता.

"ही कोण, हे तुला माहीत होतं?" थोरल्याने मला विचारलं.

मी चष्मा सावरला. तेवढ्यात रेसीने कमरेवर हात ठेवले आणि हसली.

"हिला? अहो, या म्हातारीला डावा-उजवा बूट कळत नाही! मी बहीण म्हटलं, ही गळ्यात पडली. ते थुंकणंसुद्धा मीच शिकवलं. गाढवाला टोपी घातली तर ते निदान कान तरी हलवतं!"

आणि तिने माझी नक्कल केली. माझा पोक, नाकावर घसरणारा चष्मा, सुई ओवताना बाहेर येणारी जीभ. हुबेहूब मी! धाकटा पोलीस खो खो हसला. थोरल्यालाही हसू आवरेना.

"खरं का गं, म्हातारे?"

"मला काय माहीत, साहेब," मी म्हणाले. "फसवलं हो हिने मला."

रेसीने माझ्याकडे बघून हलकेच मान हलवली, बरोबर बोललीस अशी. कोटही घेऊ न देता तिला खाली नेलं. पुढे तिचं काही कळलं नाही.

दुपारी पाल्केबाई गरम सूप घेऊन आल्या. "कशी गं फसवली तुला त्या ज्यू बाईने!" म्हणाल्या.

मी हो म्हटलं. सूपही प्यायले.